न येणारी सातवी चमक: जुन्या पिनबॉल यंत्रातल्या एका कनेक्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत जुनं घर घेतलं की बेसमेंटमध्ये काय हाती लागेल याचा नेम नसतो. या कुटुंबाला एक गंजलेला फ्रीज, टेबल टेनिसचं अर्धं टेबल आणि एक पिनबॉल यंत्र मिळालं, म्हणजे उतरत्या फळीवर चेंडू टोलवत गुण मिळवायचा खेळ. मूळ मालकाला ते जिन्यावरून वर न्यायचा कंटाळा आला होता, म्हणून घराबरोबर सोडून दिलं. खरं तर त्यात नवल नाही. पिनबॉलचा जवळजवळ सगळा धंदा शिकागोतच वाढला, आणि हे यंत्र ज्या कारखान्यात बनलं तो या घरापासून गाडीने तासाभराच्या आतला.

ओळख पटू नये म्हणून नावं, गाव आणि मॉडेल सांगत नाही. एवढंच सांगतो की यंत्र सत्तरच्या दशकाच्या अखेरचं, चार खेळाडूंचं, बॅली किंवा स्टर्न या दोन कंपन्यांपैकी एकीचं आहे. त्या काळात दोघांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड इतके सारखे होते की एकाची दुरुस्ती येणाऱ्याला दुसऱ्याची आपोआप येते. सुटे भागही आज सहज मिळतात, कारण ही यंत्रं बनलीच भरपूर. बॅलीच्या १९७७ च्या 'एट बॉल' या एकाच मॉडेलची २०,००० हून जास्त यंत्रं निघाली होती.

घरात तीन पिढ्या. मुलगा आणि सून नोकरीला, नातू अकरा वर्षांचा, आणि मुंबईहून येऊन राहिलेले आजी-आजोबा. आजोबांना मी काका म्हणतो. काकांनी उमेदीची वर्षं मुंबईच्या टेलिफोन खात्यात काढली, तीही स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये, जिथे भिंतभर रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, रात्रंदिवस टकटक करत असत. मी आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी असली यंत्रं उघडतो. या प्रकरणात काकांचा अनुभव दोनदा उपयोगी पडला आणि एकदा आडवा आला. माझा अंदाजही एकदा चुकला. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

अडचण

पहिली तीन वर्षं यंत्र बरं चाललं. मग एका हिवाळ्यात ते लहरी झालं. चालू केलं की काचेमागचे साधे दिवे लागायचे, पण गुणांचे आकडे काळेच राहायचे आणि स्टार्टचं बटण दाबून काही व्हायचं नाही. मागच्या पेटीवर थाप मारली की कधीकधी जिवंत व्हायचं. मध्येच, चेंडू खेळात असताना, सगळं विझून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. नातवाच्या भाषेत, "याला मूड लागतो."

माझ्याआधी दोन उपाय होऊन गेले होते. मुलाने कनेक्टरवर, म्हणजे वायरी बोर्डाला जिथे जोडतात त्या जोडांवर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला आणि यंत्र दोन आठवडे अगदी शहाण्यासारखं चाललं. ते पुन्हा बंद पडल्यावर एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मुख्य बोर्डावरची यू-१० ही आयसी (चिप) बदलली, पैसे घेतले आणि गेला. चार दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

त्या दुरुस्तीवाल्याचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता, आणि तो कळण्यासाठी या बोर्डाची एक सोय समजून घ्यायला हवी. बोर्डावर एक छोटा लाल एलईडी असतो. यंत्र सुरू होताना प्रोसेसर एकेक भाग तपासतो आणि तो पास झाला की एलईडी एकदा चमकवतो. आधी एक ओझरती लुकलुक, मग सात चमका. चौथी आणि पाचवी यू-१० आणि यू-११ या आयसींची, सहावी आकड्यांसाठीच्या टायमरची. सातवी मात्र बोर्डावरच्या कशाचीच नाही. ती म्हणते, "सॉलेनॉइडचे (कॉइलचे) ४३ व्होल्ट माझ्यापर्यंत पोचले."

मुख्य बोर्डाला ४३ व्होल्ट कशाला लागतात, असं काकांनी लगेच विचारलं. ही वीज कॉइलना लागते, म्हणजे चेंडू मारणाऱ्या फ्लिपरना आणि टोलवणाऱ्या बंपरना. ती फक्त रेक्टिफाय केलेली, म्हणजे एसीची डीसी केलेली असते, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरने गुळगुळीत केलेली नसते, म्हणून अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर ती सेकंदाला १२० वेळा शून्याला टेकते. प्रोसेसर ते शून्य हेरतो आणि कॉइलचा ट्रान्झिस्टर त्याच क्षणी चालू करतो, म्हणजे ट्रान्झिस्टरवर ताण कमी. शून्य दिसलंच नाही तर प्रोसेसर पुढे जायला नकार देतो आणि सहा चमकांवर अडून बसतो. हा शून्याचा इशारा यू-१० मधूनच आत येतो. म्हणून दुरुस्तीवाल्याने यू-१० बदलली. इशारा त्या आयसीच्या दारापर्यंत येतोय का, हे मात्र त्याने पाहिलं नाही.

मी गेलो त्या शनिवारी एलईडी सहा वेळा चमकला आणि थांबला. जे-४ या कनेक्टरवर बोटाने जरा दाब दिला, आणि सातवी चमक आली.

काय मोजलं

ज्या कनेक्टरवर बोट ठेवलं की यंत्र चालतं, तो काढून साफ करून परत लावायचा मोह कुणालाही होईल. पण तो काढण्याआधी मोजायला हवं. कनेक्टर एकदा काढून घातला की पिनवरचा थर घासला जातो, दोष तात्पुरता लपतो आणि पुरावा जातो. मुलाचा फवारा दोन आठवडे चालला त्याचं कारणही बहुतेक हेच. फवाऱ्यापेक्षा काढघाल कामी आली होती.

मागची पेटी उघडी ठेवून, यंत्र चालू असताना मोजायचं तर सावध राहावं लागतं. आकड्यांच्या काचनळ्यांसाठी याच पेटीत दोनशे व्होल्टच्या आसपासची डीसी वीज असते आणि यंत्र बंद केल्यावरही ती कपॅसिटरमध्ये थोडा वेळ टिकून राहते. एक हात खिशात ठेवायची काकांची एक्स्चेंजमधली सवय मला फार आवडली. त्यांनी मीटर धरला, मी लिहून घेतलं.

रेक्टिफायर बोर्डाच्या टीपी-५ या मोजण्याच्या ठरलेल्या बिंदूवर ४३ व्होल्ट, चोख. जे-४ च्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथे, तेच ४३. बोर्डावर टीपी-३ ला साडेएकवीस यायला हवेत, कारण तिथे दोन रोधकांनी व्होल्टेज निम्मं केलेलं असतं. तिथे शून्य. मग एकदम १९, मग परत शून्य. म्हणजे अडथळा कनेक्टरच्या त्या अर्ध्या इंचात होता.

दुसरं माप जास्त बोलकं निघालं. मुख्य बोर्डाचे पाच व्होल्ट कॉइल चालवणाऱ्या सॉलेनॉइड ड्रायव्हर बोर्डावर तयार होतात आणि जे-४ मधूनच मुख्य बोर्डावर येतात. ड्रायव्हर बोर्डावर ५.०४, मुख्य बोर्डावर ४.७२. वाटेत ०.३२ व्होल्ट गळाले होते. हा ६८०० घराण्यातला प्रोसेसर ४.७५ च्या खाली चालेल अशी हमी बनवणाऱ्यांनीच दिलेली नाही. खेळता खेळता सगळं विझून पुन्हा सुरू होण्याचं कारण इथे सापडलं.

काकांनी मीटरची 'बीप' लावून पाहिली. प्रत्येक पिनला बीप वाजली. त्यांचा चेहरा पडला. पण बीपवर विसंबून चालत नाही. तेव्हा मीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो आणि मळकट जोडसुद्धा तेवढा सोसतो. खरा प्रवाह वाहत असताना दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात, ते मोजलं की जोड आपला खरा रंग दाखवतो.

मग यंत्र बंद केलं, प्लग काढला, कपॅसिटर उतरल्याची खात्री केली आणि जे-४ उपसला. त्याच्या शेजारी, बोर्डावरच, एक निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली होती. यंत्र बंद असताना उच्चांक लक्षात ठेवायला ती असते. या वयाच्या बोर्डांवर ती जवळजवळ हमखास पाझरलेली सापडते, आणि इथेही सापडली. खाली पांढरट खरड, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर (ट्रॅकवर) मोरचुदासारखा निळा-हिरवा थर, जे-४ च्या पिना काळपट. काही पिनांचं टोक मात्र लख्ख पिवळं होतं. ते पाहून मला शंका आली.

"काका, इथे कुणी पॉलिश पेपर मारलाय का?"

"मीच मारलाय, गेल्या महिन्यात. बारीक होता रे, चारशे नंबरचा. एक्स्चेंजला रिलेचे कॉन्टॅक्ट आम्ही असेच साफ करायचो."

वेगळ्या यंत्रात हे बरोबर ठरलं असतं. १९७७ च्या आधीची बहुतेक पिनबॉल यंत्रं म्हणजे लाकडी पेटीतलं छोटं टेलिफोन एक्स्चेंजच. रिले, स्टेपर, ठिणगी उडणारे जाड कॉन्टॅक्ट. तिथे बारीक कानस हेच औषध. पण या कनेक्टरची पिन पितळेची आणि तिच्यावर कथलाचा पातळ मुलामा असतो. पेपर मारला की मळाबरोबर मुलामाही जातो आणि उघडं पितळ पुढच्या पावसाळी हवेत दुपटीने काळं पडतं. इथल्या बेसमेंटला उन्हाळ्यात पावसाळाच म्हणायचा, भिंतींना ओल असते. सुदैवाने काकांचा पेपर खेळाच्या फळीखालच्या स्विचांपर्यंत पोचला नव्हता. त्यांना सोन्याचा नावापुरता मुलामा असतो आणि ते साफ करायला एक कोरं व्हिजिटिंग कार्ड पुरतं. कॉन्टॅक्ट मिटून कार्ड मधून ओढायचं, बस.

पर्याय

काकींनी चहा खाली आणला आणि आम्ही टेबल टेनिसच्या अर्ध्या टेबलावर बसून विचार केला.

सर्वांत स्वस्त म्हणजे पुन्हा फवारा आणि काढघाल. तो आधीच आजमावून झाला होता. माझ्या मते फवारा म्हणजे निदानाचं साधन आहे. तो मारल्यावर यंत्र सुधारलं तर दोष कुठे ते कळतं. त्याला दुरुस्ती म्हणू नये.

दुसरा पर्याय फक्त बोर्डाच्या बाजूच्या पिना बदलायचा. अंदाजे दीड-दोन तासांचं काम, खर्च किरकोळ.

तिसरा, दोन्ही बाजू बदलायच्या. म्हणजे बोर्डावरच्या पिनाही आणि वायरींच्या टोकाचं प्लास्टिकचं घरही, त्यातल्या पिन पकडणाऱ्या एकेका टर्मिनलसकट. डझनभराहून जास्त वायरी, प्रत्येक कापायची, सोलायची, क्रिंप करायची, म्हणजे टर्मिनलमध्ये दाबून आवळायची. अख्खा दिवस.

चौथा मुलाचा आवडता. "सरळ नवा बोर्डच घेऊया ना, हल्ली बनवतात." बनवतात, आणि चांगले बनवतात. दोनशे डॉलरच्या वर पडतात, पण त्यांच्यावर पाझरणारी बॅटरी नसते. माझी हरकत पैशांची नव्हती. नव्या बोर्डाच्या चकचकीत पिनांवर आपण तोच जुना, खारवलेला कनेक्टर चढवणार. बोर्ड नवा, रोग जुना. नवा बोर्ड घेतला तरी तिसऱ्या पर्यायातलं निम्मं काम टळत नव्हतं.

काकांचं म्हणणं होतं की जेवढं बिघडलंय तेवढंच बदलावं. मीही त्या दिवशी थकलो होतो. आम्ही दुसरा पर्याय घेतला. इथे मी चुकलो, आणि चुकतोय असं आत कुठेतरी वाटत असूनही चुकलो.

पहिली फेरी

बॅटरी कापून काढली. बोर्ड बाहेर घेतला. त्यावर आधी कुणीतरी खाण्याचा सोडा चोळला होता, कोपऱ्यांत पांढरी पूड अडकलेली होती. गाडीच्या बॅटरीत आम्ल असतं म्हणून तिथे सोडा चालतो. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीतून मात्र अल्कली पाझरते, तिच्यावर सोडा चोळून काही साधत नाही. तिला सौम्य आम्ल हवं. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, जुना टूथब्रश. काकींनी वरून विचारलं, "चिंच देऊ का? पितळेची भांडी लख्ख होतात." रसायनशास्त्र अगदी बरोबर, फक्त चिंचेचा चोथा आयसीखालून काढत बसावं लागलं असतं. लावल्यावर खरडीतून बारीक बुडबुडे आले, ते थांबेपर्यंत घासलं. मग डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुतलं, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रात्रभर पंख्यासमोर.

सुकल्यावर हिरवे झालेले ट्रॅक तांब्यापर्यंत खरवडले आणि त्यांच्यावर सोल्डरचा थर दिला. बॅटरीशेजारचे काही रोधक आणि दोन ट्रान्झिस्टर पायांतून कुजले होते, ते बदलले. मग जे-४ च्या पिना. जुनी पट्टी एकदम उपसायला गेलं तर छिद्रांतलं तांबं सोबत येतं, म्हणून प्लास्टिक आधी तोडून टाकलं आणि एकेक पिन गरम करून चिमट्याने ओढली. नव्या पट्टीत किल्लीच्या जागेची पिन आठवणीने कापली. प्रत्येक कनेक्टरमध्ये एक जागा अशी मुद्दाम बंद ठेवलेली असते, म्हणजे तो एक घर सरकून बसू नये. ४३ व्होल्ट जर पाचच्या जागी गेले, तर पुढचं काही विचारायचं कारण उरत नाही.

वायरीच्या बाजूचा कनेक्टर व्हिनेगरच्या पाण्यात बुचकळला, धुतला, सुकवला, फवारा मारला. सात चमका आल्या. मुख्य बोर्डावर ४.९४. नातवाने चार डाव खेळले, मी पोहे खाल्ले आणि घरी आलो.

एकोणिसाव्या दिवशी मुलाचा निरोप आला. सहा चमका.

दुसरी फेरी

या वेळी मी मीटरच्या आधी भिंग काढलं. माझ्या नव्या पिनांवर, जिथे टर्मिनल टेकतं तिथे, बारीक काळे ठिपके होते. कथलाच्या जोडांना हा रोग जडतो. कॉइल आपटतात, पेटी थरथरते, बेसमेंट रात्री गार आणि खेळताना ऊबदार होतं, आणि दोन पृष्ठभाग केसाच्या अंशाइतके एकमेकांवर घासत राहतात. घासलेल्या कथलाची ऑक्साइडची काळी पूड होते आणि तीच मध्ये साचते. टर्मिनलची स्प्रिंग कडक असेल तर ती पूड बाजूला ढकलली जाते. इथे स्प्रिंगेत दमच उरला नव्हता. एक सुटी पिन आत सरकवून घर उलटं केलं, तर ती स्वतःच्या वजनाने गळून पडली. नवीन टर्मिनलमधून तीच पिन हाताने ओढावी लागते.

मग मी ४३ व्होल्टची वायर हलकेच ओढली, आणि ती टर्मिनल आतच सोडून माझ्या बोटांत आली. टोकाचं तांबं कोळशासारखं काळं.

अल्कली वायरीच्या तंतूंमधून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी वर चढते. प्लास्टिकचं वेष्टन बाहेरून नवं दिसतं, आत तांबं कुजत असतं. पहिल्या फेरीत मी घर व्हिनेगरमध्ये बुचकळलं खरं, पण व्हिनेगर वेष्टनाच्या आत पोचतच नव्हतं. उलट पाणी तेवढं आत गेलं असणार. काळ्या तांब्याला सोल्डर चिकटत नाही आणि त्यावर केलेलं क्रिंप टिकत नाही. ती वायर कापत मागे जायचं, उजळ तांबं दिसेपर्यंत. एक इंच कापली, काळी. आणखी एक, तपकिरी. पावणेचार इंचांवर गुलाबी तांबं दिसलं, तेव्हा काका म्हणाले, "आलं एकदाचं घर." अशा चार वायरी निघाल्या, बाकीच्या अर्ध्या इंचात साफ झाल्या. त्या चार आता कनेक्टरपर्यंत पुरेनात, म्हणून त्याच जाडीची वायर जोडून सोल्डर केली आणि वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली.

इथून काम शांतपणे करायचं होतं. सगळी टोकं एकदम कापून टाकली असती तर रंगांचा घोळ झाला असता. म्हणून नवं घर जुन्याच्या शेजारी ठेवलं आणि एक वायर कापली की तीच लगेच नव्यात, त्याच क्रमांकावर. मोबाईलवर आधी तीन बाजूंनी फोटो काढले होते, तरीही.

क्रिंपची रीत अशी. वेष्टन तीन मिलिमीटर सोलायचं. टर्मिनलला कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्यावर मिटते, मागची वेष्टनावर. तांब्यावरची पकड वीज नेते, वेष्टनावरची ओढ सोसते. रॅचेटची क्रिंपर पूर्ण मिटल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे सगळ्या पकडी सारख्या येतात. साध्या पकडीने केलेली क्रिंप पहिल्या दिवशी छान दिसते. प्रत्येक टर्मिनल घरात सरकवलं की टक् असा आवाज येतो, मग वायर एकदा ओढून पाहायची. काकांनी ही ओढून पाहण्याची जबाबदारी घेतली आणि तेरापैकी दोन माझ्या बोकांडी परत मारल्या. बरोबरच होतं. एकात वेष्टन तांब्याच्या कानांखाली गेलं होतं.

नव्या पिनांची काळवंडलेली पट्टी पुन्हा काढून तिसरी बसवली. दुःख झालं, पण ठिपके पडलेली पिन ठेवून नवीन टर्मिनल खराब करायचं नव्हतं.

जोडण्याआधी शेवटचं काम. जे-४ मोकळा ठेवून यंत्र चालू केलं आणि घरातल्या एकेका जागेचं व्होल्टेज नकाशाशी ताडून पाहिलं. ४३ आपल्या जागी, १२ च्या आसपासचे आपल्या जागी, पाच आपल्या जागी. मगच बंद करून, थांबून, कनेक्टर बसवला.

बॅटरीचं काय करायचं, यावर थोडा खल झाला. ती न लावताही यंत्र चालतं, कारण बहुतेक सगळ्या सेटिंग्ज बोर्डावरच्या ३२ डिप स्विचांवर (चिमुकल्या खटक्यांवर) असतात. जातो तो फक्त उच्चांक आणि हिशेब. मी "नकोच" म्हणत होतो. नातू म्हणाला, "मग माझा स्कोअर रोज रात्री मरणार?" त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही. यू-८ च्या सॉकेटमधली ५१०१ ही मेमरी काढून तिच्या जागी बॅटरीविना लक्षात ठेवणारी नव्या पद्धतीची चिप बसवली. बोर्डावर पाझरण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

निकाल

ड्रायव्हर बोर्डावर ५.०४, मुख्य बोर्डावर ५.०१. टीपी-३ वर २१.४. सात चमका, पेटीवर थापा मारूनही सात. आता आठ महिने झाले, त्यात एक दमट उन्हाळा येऊन गेला. काका महिन्यातून एकदा ती दोन मापं घेऊन वहीत लिहितात. अजून तरी आकडे हललेले नाहीत.

मध्ये एकदा तिसऱ्या खेळाडूचे आकडे लुकलुकले, तेव्हा घरात पुन्हा घबराट झाली. ते प्रकरण वेगळं निघालं. ड्रायव्हर बोर्डावरच्या एका कनेक्टरच्या पिनांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर गेली होती. सोल्डर पुन्हा वितळवला, दहा मिनिटांत मिटलं.

दोन्ही फेऱ्या मिळून माझे अकरा तास गेले. बाजारभावाने मजुरी लावली असती तर नवा बोर्ड स्वस्त पडला असता. मुलाने हे हसत हसत सांगितलंही.

वेगळं काय करता आलं असतं

दुरुस्तीवाल्याने टीपी-३ वर मीटर टेकवला असता तर यू-१० वाचली असती. पण दोष कधी असायचा, कधी नसायचा. दुरुस्तीवाला आला त्या वेळी कदाचित तिथे साडेएकवीस दिसलेही असते, म्हणून त्याला फार बोल लावावासा वाटत नाही. यंत्र बिघडलेल्या अवस्थेत असताना, कुणी काही हलवण्याआधी मोजलं जाणं हे मालकाच्याही हातात असतं. मुलाने मला निरोप पाठवण्याआधी कनेक्टर दोनदा दाबून पाहिला होता.

माझी चूक पर्याय निवडतानाची. पाझरलेल्या बॅटरीशेजारचा कनेक्टर म्हटल्यावर एकच वायर ओढून पाहिली असती, फक्त एक, तर तिचं काळं तांबं पहिल्याच दिवशी दिसलं असतं आणि दुसऱ्या पर्यायाचा विचारच झाला नसता. मी बोर्डाची बाजू पाहिली कारण ती डोळ्यांना दिसते. आता अशा यंत्रात पहिली कात्री वायरीवर चालवतो.

नव्या बोर्डाबद्दल माझं मत आजही ठाम नाही. ट्रॅक याहून जास्त कुजले असते, किंवा आयसीखालपर्यंत हिरवा थर गेला असता, तर मी नवा बोर्ड घ्या असंच सांगितलं असतं. वायरींचं काम मात्र तेव्हाही केलं असतं, आणि तेही बोर्ड येण्याआधी.

त्या चार जोडलेल्या वायरींचे सांधे वायरींच्या जुडग्यात, कनेक्टरपासून थोडे आत आहेत. मी त्यांना अंतरा-अंतराने सांधलंय, म्हणजे एका जागी गाठ होऊ नये. तरी अख्ख्या लांबीच्या नव्या वायरी घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटतं. रेक्टिफायर बोर्डाच्या साध्या दिव्यांचा कनेक्टरही उष्णतेने तपकिरी पडलाय. तो जाड पिनांचा, ३.९६ मिलिमीटर अंतराचा, त्याला तीन बाजूंनी पिन धरणारी टर्मिनलं मिळतात. ती मागवलीत. काकांनी क्रिंपर माझ्याकडून मागून घेतलीय आणि जुन्या वायरींच्या तुकड्यांवर सराव चाललाय. चारशे नंबरचा पेपर त्यांनी टाकलेला नाही, काकींच्या विळीसाठी ठेवलाय म्हणतात.